वखारदेव

दगडाला ताप येतो यावर मनापासून विश्वास असलेला माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामा गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले. डहाणू-तलासरीच्या वाड्या, तबेले आणि पाडे पालथे घालण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात, अगदीच काही नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. मामांनी गुरं सोडली आणि जुन्या इमारती धरल्या. स्टेथोस्कोप मात्र तोच ठेवला. रस्त्यात जुनं घर दिसलं की थांबायचं, भिंतीला नळी लावायची, डोळे मिटून ऐकायचं आणि मग घरमालकाला बाहेर बोलावून झापायचं. "छातीत पाणी झालंय हिच्या! पागोळ्यांचं पाणी सगळं जोत्यात मुरतंय. तुम्हाला कोणी चार महिने ओल्या गोणपाटात उभं केलं तर चालेल?" मालक बिचारा जेवणावरून उठून आलेला, हाताला वरण तसंच. आणि हे सगळं स्कूटरवर बसून बघायला मी, कारण मामांना स्कूटर चालवता येत नाही आणि माझ्या बायकोच्या मते मला दुसरं काही काम नसतं.

मामांचा संताप पाहण्यासारखा असतो, पण सोबत जाण्यासारखा मुळीच नसतो. बोर्डीकडच्या एका चिकूवाडीत आम्ही लग्नाला गेलो होतो. वाडीतला बंगला जुना, रुंद व्हरांड्याचा, सागवानी खांबांचा. वधूपित्याने लेकीच्या लग्नाच्या हौसेने तो खालपासून वरपर्यंत गुलाबी ऑइलपेंटने रंगवून काढला होता. मामांनी अहेराचं पाकीट माझ्या हातात कोंबलं, खिशातून नाणं काढलं आणि सरळ खांब खरवडायला घेतला. वधूपिता धावत आला तोवर आतलं लाकूड दिसायला लागलं होतं. "बघ, बघ, जिवंत आहे अजून! आणि तू त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधलीस!" मामा मांडवभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. आम्हाला आइस्क्रीम मिळालं नाही. घोलवडच्या एका वाडीवाल्याने जुन्या झडपांच्या खिडक्या काढून सरकत्या काचा बसवल्या, तेव्हा "म्हशीला गॉगल घातलायस" असं त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. आमच्या डहाणूतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तर ते कधी पाऊलच टाकत नसत. "या घराला छातीच नाही, नळी लावू कुठे?" असं म्हणून जिन्यातच उभे राहायचे आणि चहाही तिथेच प्यायचे. आम्ही म्हाताऱ्याला घरात घेत नाही अशी शेजाऱ्यांची ठाम समजूत झाली होती.

पण त्यांचा खरा जीव होता तो वेवजीच्या वाटेवरच्या गवताच्या वखारीत. एके काळी या भागातलं गवत दिवाळीनंतर कापून, दाबून, त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. त्या गाठी ठेवायला कुणा शेठने ही वखार बांधली होती. घडीव दगडाचं जोतं, कवेत न मावणारे सागाचे खांब, वर कौलं, आणि दरवाजा एवढा की भरली बैलगाडी आत जाऊन, वळून, बाहेर यावी. मामांच्या नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात गुरांत साथ आली होती, तेव्हा आसपासच्या पाड्यांवरची आजारी जनावरं त्यांनी या वखारीत आणून बांधली आणि स्वतः आठवडाभर तिथल्याच गवतावर झोपले. "बाहेर आभाळ फाटलं होतं आणि आत एक थेंब नाही," ते सांगायचे. "लोक म्हणतात डॉक्टरने गुरं वाचवली. डॉक्टर कसला? हातात धड औषध नव्हतं माझ्या. या वखारीने वाचवली." हे सांगताना एरवी आरडाओरडा करणाऱ्या माणसाचा आवाज एकदम खाली यायचा.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला शेठच्या नातवाने वखार पाडून तिथे ट्रक उभे करायची जागा करायची ठरवली. गुजरातच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका जवळ, हायवेवर ट्रकांची रांग, त्याचा हिशोब सरळ होता. मामा मला घेऊन थेट त्याच्या वापीच्या दुकानात. त्याने खुर्ची दिली, थंड मागवलं आणि म्हणाला, "काका, एमां छे शुं? त्यात आहे काय? भंगार!" मामांनी थंड तसंच ठेवलं. मग वखार जुनी वास्तू म्हणून वाचवायला कचेऱ्यांत खेटे सुरू झाले. एका साहेबाने विचारलं, "तिथे कोणी थोर व्यक्ती राहून गेली होती का?" मामा म्हणाले, "गवत राहून गेलं होतं." साहेब हसला. मामा हसले नाहीत, आणि खरं सांगतो, मलाही त्या साहेबाचा असा राग आला की जिना उतरेपर्यंत माझे कान तापलेले होते. घर वाचवायला त्यात कोणीतरी मोठ्या माणसाने एक रात्र तरी घोरलेलं असावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग एक दिवस मामांनी बाजारात स्कूटर थांबवायला लावली आणि शेंदूर घेतला. सत्यनारायणाला फक्त प्रसादापुरते बसणारे मामा! ओहोळातून त्यांनी एक गोटा निवडला, शेंदूर फासला, वखारीच्या उंबऱ्याशी ठेवला, पुढे नारळ फोडला, दोन उदबत्त्या खोचल्या. "आता बघतो कोण हात लावतो!" दोन दिवसांनी जेसीबी आला. ड्रायव्हरने गोटा पाहिला, मशीन बंद केलं, चपला काढल्या, नमस्कार केला आणि आला तसा परत गेला. मामांनी मला अच्छाडच्या ढाब्यावर जेवू घातलं, आणि त्या आनंदात ढाब्याच्या पत्र्याच्या छपराबद्दल एक अक्षरही काढलं नाही.

मात्र देव बसवणं सोपं असलं तरी पुढे तो आपल्या ऐकण्यात राहत नाही, हे मामांच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाचा चुकलेला बैल परत आला, कुणाची मुलगी दहावी सुटली, आणि बघता बघता वखारदेव नवसाला पावायला लागला. शेठच्या नातवाने घाबरून "भगवाननी जग्या छे" म्हणत जागा गावालाच देऊन टाकली. आम्ही पेढे वाटले. पुढे गावाची बैठक बसली आणि त्यात ठरलं की एवढा जागृत देव वटवाघळांच्या वखारीत ठेवणं बरं दिसत नाही. वखार उतरवायची आणि स्लॅबचं, लाद्यांचं, स्टीलच्या कठड्याचं देऊळ बांधायचं.

हे कळताच मामा त्या बैठकीत उभे राहिले. भर सभेत त्यांनी सगळं कबूल केलं: गोटा ओहोळातला, शेंदूर बाजारातला, देव-बिव काही नाही, मी खोटं केलं, मला काय शिक्षा द्यायची ती द्या पण या खांबांना हात लावू नका. आता मार बसणार म्हणून मी स्कूटरची किल्ली मुठीत धरली. कोणी चिडलं नाही. पुढे बसलेल्या लाडकीबाय तेवढ्या बोलल्या. त्या साथीत त्यांचे दोन्ही बैल याच वखारीत वाचले होते. "डाक्तर, दगड तू ठेवलास, खरा हाय. पन तो ठेवाचं तुझ्या मनात कोनी घातलं?" मग त्याच म्हणाल्या, "त्यानंच ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मामा न भांडता खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

मला अजून संताप येतो. पण करायचा कुणावर? लाडकीबायवर? त्यांनी तर देवळात पहिला हार मामांनाच घातला. वखार दोन दिवसांत उतरली. खांब कुठल्याशा रिसॉर्टच्या बारला लागले म्हणे, घडीव दगड भरावात गेले. देऊळ झालं, त्याला गुलाबी ऑइलपेंट लागला, आणि पाटीवर ठळक अक्षरांत 'श्री वखारदेव' लिहिलं. वखार कुठली, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं.

त्यानंतर मामा आमच्याकडे आले ते जिन्यात थांबले नाहीत. सरळ आत आले, सोफ्यावर बसले. नळी खिशात होती, पण हात तिकडे गेला नाही. बायको खूश झाली, एकदाचे आले म्हणाली. मला राहवेना. मी मुद्दामच काडी टाकली. "मामा, झरीला एक जुना बंगला आहे ना, त्याला पोपटी रंग देतायत म्हणे." माझी थाप होती. मला वाटलं, कप आपटतील, कोण गाढव तो म्हणून विचारतील, मला स्कूटर काढायला लावतील.

"झरीला एकच होता, जावईबापू," मामा म्हणाले. "गेल्या शिमग्याला पाडला तो."

मग त्यांनी कप तोंडाला लावला, चहा सगळा संपवला आणि चांगला झालाय म्हणाले. आमच्या घरातली एखादी गोष्ट त्यांना चांगली वाटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.