पर्यायात नसलेलं उत्तर

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे परीक्षेवर माझा विश्वास जरा जास्तच. परीक्षा नसत्या तर मला कोणी दारात उभं केलं नसतं. बुधवार पेठेतल्या मिक्सर-पंख्यांच्या दुकानात भरतीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा प्रसंगांचा छापील पेपर मीच हट्टाने आणवला. 'असं घडलं तर तुम्ही काय कराल?' खाली चार पर्याय. पन्नासपैकी तीस मिळाले तरच काउंटरवर.

चंद्रपूरकडची एक मुलगी आली. धायरीत मैत्रिणींबरोबर राहायची. महिनाअखेर काम मिळालं नाही तर घरचे परत बोलावणार होते. तिला बावीस पडले. बंद पडलेला मिक्सर घेऊन गिऱ्हाईक ओरडत आलं, तर? 'मॅनेजरला बोलावेन.' शून्य.

"हे का निवडलं?" मी विचारलं.

"मामाच्या दुकानात होते न सर मी. मोठ्यांना न विचारता बोललं की बोलणी बसायची. नाहीतर मी तर आधी मिक्सर लावूनच पाह्यला असता. पण ते तर कुठं लिहिलंच नव्हतं."

खरंच नव्हतं.

मग तोच पेपर आमच्या सर्वांत जुन्या सेल्समनपुढे ठेवला. नारायण पेठेतले गृहस्थ. भांडायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याकडून पंखा घेऊन जातं. त्यांना एकोणीस!

"अहो, म्हणजे उद्यापासून मी येऊ नको का?"

चार दिवसांनी पुन्हा दिला. एकतीस.

"त्या दिवशी उपास होता माझा," ते म्हणाले. "उपाशी माणूस गिऱ्हाईक मॅनेजरकडेच ढकलणार."

हसलो, पण दोन्ही पेपर घेऊन मालकांकडे गेलो.

"साहेब, पेपराला माणूस कळत नाही. एकाच माणसाला दोनदा दिला तर मार्कही दोन तऱ्हेचे. त्या मुलीला एक दिवस काउंटरवर उभी करून बघू."

"म्हणजे पेपर आणणाराच नापास म्हणायचा."

"हो. चुकलं माझं."

ती दिवसभर काउंटरवर उभी राहिली; तक्रारीचा मिक्सर आला की आधी लावून पाहायची. संध्याकाळी मालकांनी मला न विचारताच तिला सांगून टाकलं, "सोमवारपासून या."

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. याच पेपरावर आधी नापास केलेले अकरा अर्ज तिथे होते. पहिला नंबर लावला, दुकानाचं नाव सांगितलं.

"तुम्ही तर नाही म्हणाला होता ना?" पलीकडून आवाज आला. "मला लागलं काम दुसरीकडे."

"बरं झालं," म्हणालो आणि दुसरा नंबर लावला.