पुढच्या पेटीतलं स्वयंपाकघर

"ताई, परत हलतंय."

समीर देशमुखचा फोन आला तेव्हा शनिवारचे सकाळचे नऊ वाजले होते. तो हायवेच्या पहिल्याच पार्किंग एरियात थांबला होता. मी जपानमधल्या इचिकावाच्या वर्कशॉपमध्ये नुकता चहा ओतला होता. आठवड्यापूर्वी त्याचा ट्रेलर कारला जोडणारा हिच मीच बसवला, मीच अ‍ॅडजस्ट केला आणि त्याच्या आईला छातीठोकपणे सांगितलं, "काकू, आता पेल्यातलं पाणी हिंदकळायचं नाही." त्यामुळे चहा तसाच राहिला.

"नीट सांग. काय होतंय?"

"स्टिअरिंग हलकं लागतंय. शेजारून ट्रक गेला की गाडी तरंगते. आई उतरून बाकावर बसलीय. म्हणते, मी इथून ट्रेनने घरी जाते."

"तिथे ट्रेन नाहीये."

"ते तिलाही माहितीय, ताई. म्हणून जास्त चिडलीय."

मी त्याला गाडीपासून दहा पावलं लांब जाऊन बाजूने बघायला सांगितलं. तो गेला, बघितलं आणि म्हणाला, "गाडीचं नाक वर आहे. मागची बाजू बसलीय."

नेमकं तेच होऊ नये म्हणून मी तो हिच बसवला होता.

मी मूळची सांगलीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीपायी इचिकावातल्याच ग्योतोकुला आले आणि वर्षभर घरात बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा ओनोदेरा-सानांच्या कॅम्पिंग ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा बाइतो धरला. बाइतो म्हणजे पार्टटाइम काम. चार महिन्यांनी ओनोदेरा-सानांनी मला पाना धरताना बघितलं आणि फाइली दुसऱ्या कुणाला तरी दिल्या. त्याला आता आठ वर्षं झाली.

हे हिचचं प्रकरण काय असतं, ते सांगते. ऊस भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर बघितलाय ना? ट्रॉलीचं ओझं मागे पडलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, कधीकधी चक्क उचलली जातात. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर आरती करा, सारखंच. कारमागे ट्रेलर जोडला की थोड्या प्रमाणात हेच होतं. ट्रेलरचं तोंड कारच्या शेपटीवर बसतं, मागची बाजू खाली जाते आणि पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. यावर वेट डिस्ट्रिब्युशन हिच हा उपाय. त्यात दोन जाड लोखंडी स्प्रिंग बार असतात. ते कारकडून निघून ट्रेलरच्या चौकटीखाली जातात आणि तिथे साखळीने ताणून अडकवतात. ढकलगाडीची दांडी वर उचलावी तसे ते बार कारची शेपूट उचलून धरतात आणि थोडं वजन पुढच्या चाकांकडे, थोडं ट्रेलरच्या चाकांकडे जातं. साखळीची कितवी कडी अडकवायची, यावर ताण ठरतो. पुढच्या मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच आहे ते आधी मोजायचं, ट्रेलर जोडून मोजायचं, बार ताणून परत मोजायचं. आकडा मूळ जागेवर आला की झालं.

समीर पुण्याच्या एका कंपनीतर्फे इथे आलेला इंजिनिअर. त्याने ट्रेलर घेतला तो आईसाठी. काकू नाशिकच्या. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला. जपानला ही त्यांची तिसरी खेप, पण बघितलं काय, तर ग्योतोकुचं घर, सुपरमार्केट आणि नदीचा काठ. कारण काकू शुद्ध शाकाहारी आणि इथे साध्या सूपमध्येही माशाचं पाणी. दोन दिवस बाहेर काढायचे तर स्वयंपाकघर बरोबर हवं. त्यांना फुजीच्या पायथ्याचं तळं बघायचं होतं. तीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेला ज्वालामुखी एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच. काकूंचं परतीचं विमान येत्या गुरुवारी होतं. म्हणजे हा शनिवार-रविवार गेला की संपलं.

आधी महिन्याभरापूर्वी साध्या हिचवर ते समुद्राकडे निघाले होते. पुलावर वारं लागलं, ट्रेलर डोलला आणि काकूंनी डोळे मिटले ते घरी आल्यावरच उघडले. तेव्हाच त्यांनी जाहीर केलं होतं, "एक संधी देते. परत हललं तर मी त्यात बसणार नाही." ती एक संधी माझ्या हिचवर होती, आणि आता त्या बाकावर बसल्या होत्या.

"साध्या रस्त्याने, चाळीसच्या आत, सरळ इकडे ये," मी समीरला सांगितलं. "आणि काकूंना म्हणावं, शिव्या घालायच्या तर समोर येऊन घाला."

दीड तासाने ते आले. काकू उतरल्या आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मास्तरीणबाईंचं ते बघणं मला शाळेपासून ओळखीचं आहे. मी टेप घेऊन थेट चाकापाशी बसले. गेल्या शनिवारचा माझा आकडा ८३२ मिलिमीटर होता. आता टेप ८५१ दाखवत होती. दोनदा मोजलं. कडी तीच, दोन्ही बाजूंना पाचवी. बोल्ट ढिले नाहीत. बार वाकलेले नाहीत. ओनोदेरा-सान मागे हात बांधून उभे होते. त्यांनी टॉर्क रेंच आणून प्रत्येक बोल्ट स्वतः तपासला आणि म्हणाले, "घट्ट आहे." बोल्ट ढिला असता तर निदान कारण तरी सापडलं असतं.

"सगळं बरोबर आहे, मग चूक कशात?" काकूंनी विचारलं.

मी त्यांना ट्रॅक्टर-ट्रॉलीचं उदाहरण दिलं. त्यांना ते पूर्ण सांगावंही लागलं नाही. "तरफ आहे ही," त्या म्हणाल्या. "टेकू, भार आणि बळ. मग मला सांग, तू मागच्या आठवड्यात मोजलंस तेव्हा माझं स्वयंपाकघर कुठे होतं?"

मी समीरकडे बघितलं. समीर जमिनीकडे बघायला लागला.

"घरी," तो म्हणाला. "वर्कशॉपला द्यायचा म्हणून सगळं काढलं, पुसून घेतलं, व्हॅक्यूम मारला. इथे तसंच आणतात ना."

इथे खरंच तसंच आणतात. गाडी दुरुस्तीला द्यायच्या आदल्या दिवशी धुणारे लोक आहेत हे. नाशिकला सर्व्हिसिंगला गाडी देताना मागच्या सीटवर कांद्याचं पोतं तसंच असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. समीर सात वर्षांत इतका जपानी झाला होता, की कपाटातला चमचासुद्धा काढून आला होता. आणि मी? तो चकाचक ट्रेलर बघून खूश झाले. ओनोदेरा-सानांनीही "किती स्वच्छ" म्हणून मान डोलावली होती. भरलेला असताना वजन किती, हा पहिला प्रश्न. तोच मी विचारला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी ती काकूंना तशीच सांगितली.

"चुकलं ना? मग दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "बोलत काय बसलीस."

ट्रेलरच्या तोंडावर एक मोठी पेटी असते. मी झाकण उघडलं. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन. दहा किलो कणीक. पाच किलो तांदूळ. दोन कुकर, मिक्सर, बिडाची कढई, लोखंडी तवा. आणि तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, दगडी खलबत्ता.

"काकू, दोन दिवसांचीच ट्रिप आहे ना?"

"आणि अडकून पडलो तर? भूकंपाचा देश आहे हा. मी शिकवलाय."

"खलबत्ता?"

"मिक्सरचं आलं कडवट लागतं."

मी खलबत्ता परत टॉवेलमध्ये गुंडाळला. पण गंमत बघा, ही पेटी नेमकी कारच्या शेपटीला चिकटून. तिच्यात टाकलेलं जवळजवळ सगळं वजन सरळ हिचवर बसतं. ट्रेलरचं तोंड आमच्या वजनकाट्यावर ठेवलं. रिकाम्याचं १३० किलो नोंदवलेलं होतं. आता २०८ होतं. मी रिकाम्या ट्रेलरच्या मापाने बार ताणले होते आणि काकूंनी त्यावर अख्खं नाशिक ठेवलं होतं.

पाणी आणि कणीक आम्ही आत, चाकांच्या बरोबर वर हलवली. काटा १६० वर आला. मग जॅकने कार आणि ट्रेलरचं तोंड एकत्र उचललं, म्हणजे बार सैल पडतात आणि साखळी हाताने बदलता येते. पाचवीऐवजी चौथी, म्हणजे जास्त ताणाची, कडी अडकवली, दोन्ही बाजूंना. खाली सोडलं. ८३४. ओनोदेरा-सानांनी स्वतः वाकून आकडा वाचला. मी त्यांना काकूंचा प्रश्न जपानीत सांगितला आणि त्या शिक्षिका होत्या हेही. ते काकूंसमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, "सेन्सेई." काकूंनी मला अर्थ विचारला नाही. इतक्या वर्षांनी बाई म्हणून हाक आली की कळते.

"आता बघू तुझं पेल्यातलं पाणी," त्या म्हणाल्या.

त्यांनी खरंच स्टीलचा पेला काढला, अर्धा भरला आणि पुढच्या सीटवर बसल्या. समीर चालवत होता, मी मागे. नदीवरच्या पुलावर वारं होतंच. एक मोठा ट्रक शेजारून सुसाट गेला. समीरने स्टिअरिंग जेमतेम हलवलं असेल, आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ चालत राहिली. काकूंनी डोळे उघडे ठेवले होते. पेल्याकडे बघत म्हणाल्या, "हिंदकळलं. तू म्हणाली होतीस हिंदकळायचं नाही."

"सांडलं का?"

"नाही." मग त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं. "समीर, मला सोडून ट्रेलर नेऊ नकोस."

ते दुपारी निघाले. निघताना काकूंनी माझी टेप मागून घेतली.

आता आमच्या फॉर्मवर नवी ओळ आहे. 'प्रवासाला निघताना असतो तसाच, सामानासकट आणावा.' ग्राहकाला 'साफ करू नका' सांगणं उद्धटपणा होईल म्हणून ओनोदेरा-सान तीन दिवस शब्द जुळवत होते. पुढच्याच आठवड्यात एक आजी-आजोबा भरलेला ट्रेलर घेऊन आले. प्रत्येक भांडं घासलेलं आणि प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी चिकटवलेली. सवय जाणार कुठे. मी मात्र फॉर्मवर विसंबत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा एकच विचारते, स्वयंपाकघर कुठे आहे?

आणि त्या रविवारी दुपारी समीरच्या फोनवरून एक फोटो आला होता. पुढच्या मडगार्डला लावलेली टेप, त्यावर काकूंचा अंगठा, मागे तळं आणि त्यामागे ज्वालामुखी. खाली काकूंनी लिहिलं होतं: 'निघताना ८३४. पोचल्यावर ८३४. डोंगर फळ्यावर काढायचे तसाच आहे.'

डोंगर फोटोत अर्धाच आला होता. टेप पूर्ण आली होती.