हसण्याची तालीम

कुठल्याही संकटाची आधी तालीम केली की ते संकट निम्मं होतं, या गोष्टीवर माझ्या आत्याची जेवढी श्रद्धा होती तेवढी रत्नागिरीत कुणाची कुठल्या देवावरही नसेल. दाढ काढायला जायच्या आधी ती चार दिवस आरशासमोर आ वासून बसायची. एस.टी. चुकली तर काय करायचं याची तालीम म्हणून एकदा तिने हातातली एस.टी. मुद्दाम सोडली आणि चिपळूणच्या लग्नाला पोचली तेव्हा शेवटची पंगतही उठली होती. लग्नाच्या वयात, पाहायला येणाऱ्या मुलाला नकार कसा द्यायचा याची तिने घरात इतकी तालीम केली, की एका दुपारी अनोळखी तरुण उंबऱ्याशी चपला काढतोय तोच तिने त्याला नकार देऊन टाकला. तो बिचारा जनगणनेचा माणूस निघाला. "मग काय बिघडलं?" आत्या अजूनही म्हणते. "नकार छान जमला होता." त्यानंतर तिने तो विषयच मिटवला आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी धरली.

एक्स्चेंजने तिला दोन गोष्टी दिल्या: खणखणीत आवाज आणि तिचं स्वतःचं असं इंग्रजी. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर तीन-तीन मिनिटांचे परगावचे ट्रंककॉल जोडायची, आणि घरी आल्यावरही तो हेडफोन तिच्या कानावरून उतरत नसे. कुणी लांबण लावली की तिच्या तोंडून आपसूक निघे, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" एकदा हे ती शेजारच्या काकूंना म्हणाली. काकू त्यांच्या गेलेल्या सासूबाईंबद्दल बोलत होत्या. काकू रडता रडता हसल्या, आणि नंतर म्हणाल्या, की त्या तेरा दिवसांत तेवढंच एकदा बरं वाटलं. गावात कुणाची बदली झाली, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, हे तिला त्या माणसांच्या आधी कळायचं. "मी काही मुद्दाम ऐकत नाही हो," ती शपथेवर सांगायची, "कानावर पडतं त्याला मी काय करू?"

मी तिच्याकडे राहायला आले ती अकरावीसाठी. बाबांची बदली अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत झाली होती, तिथे पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. माझं तोवरचं सगळं शिक्षण पुण्यात, इंग्रजी माध्यमात झालेलं. जात्याच कमी बोलणारी मी नव्या घरात आणखी गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी आत्याने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू एंगेज्ड तरी आहेस, नाहीतर तुझी लाइन डेड आहे. एक काय ते सांग." मी काहीच सांगितलं नाही. ती स्वतःशीच म्हणाली, "एंगेज्ड."

त्या मे महिन्यात तिच्या परसात संध्याकाळी भरणारा तो विलक्षण वर्ग मी पहिल्यांदा पाहिला. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं सायन्सला जात आणि एका रात्रीत सगळं इंग्रजी झालेलं बघून घाबरून गणपतीच्या आत पळत. शाळेत पहिले आलेले पळत, स्कॉलरशिपवाले पळत. बाकी सगळे म्हणत, इंग्रजीची भीती. आत्याचं निदान वेगळं होतं. "इंग्रजीला कोण घाबरतो? डिक्शनरी काय चावते? मेले घाबरतात ते लोक हसतील म्हणून." त्यावर उपाय अर्थातच तालीम. दहावीची परीक्षा झालेली पंधरावीस मुलं ती गोळा करायची, फुकट. निकालाची वाट पाहायची नाही. "नापास व्हायचं असेल त्याने आपापल्या घरी व्हावं, माझ्याकडे पास झालेलेच येतात."

घराच्या मागे विहिरीपर्यंत उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या होत्या. तोच तिचा कॉलेजचा हॉल. मुलं पायऱ्यांवर, आणि खाली विहिरीच्या कठड्याशी नऊवारी खोचून आत्या, म्हणजे प्रोफेसर. 'हजर'ऐवजी 'येस सर' म्हणायचं. उशिरा आल्यावर दारात लोंबकळत न राहता आत कसं यायचं, ते शिकायचं. पहिल्याच दिवशी शिपायाला मुतारी कुठे आहे ते विचारायचं, कारण "जो हे विचारायला लाजला नाही तो पुढे कशाला लाजत नाही." आणि मग मुख्य विषय. एकेकाने उभं राहून इंग्रजीत प्रश्न विचारायचा, येईल तसा, आणि बाकीच्यांनी त्याला हसायचं. साधंसुधं नाही, पोट धरून. कुणी कमी हसलं तर आत्या ओरडायची, "अरे मेल्यांनो, दात काढा! फी माफ केली म्हणून हसायलाही कंजुषी?" उभा असलेल्याने पडायचं नाही, बसायचं नाही, रडायचं नाही. हसू ओसरेपर्यंत थांबायचं आणि म्हणायचं, "झालं हसून? आता माझा प्रश्न." गल्लीतून जाणाऱ्या लोकांना वाटे की इथे रोज कसलासा तमाशा चालतो. एक गृहस्थ तर तिकीट विचारायला आले होते.

मला हसणाऱ्यांत बसवलं. "तू कॉन्व्हेंटवाली. तुमच्यात कसं हसतात ते दाखव यांना. खरं हसू कसं असतं ते कळू दे."

"तिथे असं हसत नाहीत, आत्या," मी म्हणाले.

"मग काय करतात?"

"काहीच करत नाहीत."

आत्याने हात झटकला. "काहीच न करण्याची तालीम कशी घ्यायची? पुढे चला."

त्या वर्गात कुंदा होती. तिची आई आमच्या दारावर मासे घेऊन यायची, आणि बांगड्यांचा भाव करता करता आत्यानेच पोरीला वर्गासाठी मागून घेतलं होतं. कुंदा शाळेत पहिली आली. तिला नर्सिंग नको होतं, शिक्षिका व्हायचं नव्हतं, तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे ती अशा सहजपणे सांगायची की ऐकणाराच ओशाळावा. आईने एक वर्ष कबूल केलं होतं. "एक वर्स बगू ताई. जमला तर जमला. नायतर हायेच, कोलंबी सोलायला कारखान्यात लावीन." तेव्हा कुंदाचं वर्ष म्हणजे वर्षच होतं, पुढच्या वेळी बघू असं त्यात काही नव्हतं. हसवून घेण्यात ती सगळ्यांत तयार झाली. कितीही हसा, ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि शेवटी असं काही "झालं हसून?" म्हणायची की हसणारेच खाली बघत. आत्या खूष. "ही टिकली नाही तर मी नावाची आत्या नाही."

कॉलेज सुरू झालं. फिजिक्सच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर अक्षरांच्या डोक्यावर बाण काढले आणि काहीतरी भरभर सांगितलं. कुंदा उभी राहिली. मी मागच्या बाकावर होते. तिने शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला आणि विचारलं, "सर, व्हाय दॅट ॲरो इज देअर ऑन द हेड?" प्रश्न चांगला होता. आम्हाला कुणालाच तो बाण कळला नव्हता. कुणी हसलं नाही. सरांची नजर तिच्यावरून फळा पुसल्यासारखी फिरली. "येस. एनी अदर क्वेश्चन?" ते म्हणाले, आणि पुढे शिकवू लागले. पुढच्या बाकावरच्या डॉक्टर-वकिलांच्या मुलींनी वळूनही पाहिलं नाही. वह्यांवर पेन चालत राहिले. कुंदा मात्र तशीच उभी. हसू ओसरायची वाट बघत होती ती, आणि हसू तर आलंच नव्हतं. "झालं हसून?" हे वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं. मग ती कधीतरी बसली. ती बसली हेही कुणाला कळलं नाही.

घरी येताना तिने मला विचारलं, "हसलं का नाय गो कोण?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते मराठीत कसं सांगायचं ते कळेना. इंग्रजीत सांगणंही अवघडच होतं.

तिने आणखी काही वेळा प्रयत्न केला. प्रॅक्टिकलला जोड्या लावायच्या होत्या. सगळ्यांच्या लागल्या, ती उरली. सरांनी तिला कुठल्याशा जोडीत तिसरी म्हणून घातलं, आणि त्या दोघींनी तिला परीक्षानळ्या धुवायला दिल्या, तेही गोड बोलून, "प्लीज हं." संध्याकाळी ती आमच्या पडवीत येऊन बसायची. वर्गात शिकवलेलं मी तिला मराठीत सांगायचे आणि तिला ते माझ्याआधी कळायचं. एकदा म्हणाली, "तू तरी कुठं बोलतंस वर्गात?" खरं होतं. पण माझ्या गप्प बसण्याला तिथे सभ्यपणा म्हणत. तिच्या गप्प बसण्याला काही म्हणावं असंही कुणाला वाटलं नाही. आत्या रोज विचारायची, "हसले का गो आज?" कुंदा मान हलवायची. "नाही? बघ, घाबरले तुला!" आत्या टाळी मारायची.

गणपतीनंतर कुंदा आली नाही. कॉलेजातही नाही, पडवीतही नाही. तिची आई मासे घेऊन आली तेव्हा तिने टोपली खाली ठेवायच्या आतच आत्याने विचारलं, "काय झालं पोरीला? कोणी काय बोललं?"

"तेच तर कलत नाय ताई," ती म्हणाली. "कोण काय बोल्ला नाय म्हंते. कोण हसला नाय, कोणी हात लावला नाय. मग जात का नाय, विचारला तर सांगते, तिथं मी जाऊन काय न जाऊन काय." मग सुरी काढून बांगडे साफ करता करता म्हणाली, "लावली कारखान्यात. सकाळी जाते आता."

आत्या तशीच उठली, साडी बदलली आणि कॉलेजात गेली. मला बरोबर नेलं, इंग्रजीची गरज पडली तर म्हणून. पडली नाही. सर सभ्य होते, त्यांनी तिला खुर्ची दिली. आत्या वाटेत तालीम करत आली होती: सर चिडले तर काय बोलायचं, सरांनी दोष नाकारला तर काय, पोरीलाच नावं ठेवली तर काय. सर यातलं काहीच बोलले नाहीत. त्यांनी कपाळाला बोट लावून आठवायचा प्रयत्न केला. "कुंदा... रोल नंबर सांगता का?" मी सांगितला. त्यांनी हजेरीपट उघडला, बघितलं, मान डोलावली. "शांत मुलगी असणार. नाही, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही." आणि हसून नमस्कार केला. परतताना आत्या बाजारातून चालत होती आणि तिला चार ओळखीच्यांनी हाका मारल्या. तिने एकालाही ओ दिली नाही. असं मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात वर्ग पुन्हा भरला. मला वाटलं होतं ती बंद करेल. पायऱ्यांवर नवी मुलं बसली. विहिरीशी उभं राहून आत्या म्हणाली, "यंदा कुणी हसायचं नाही. जो उभा राहील त्याच्याकडे सगळ्यांनी पाठ करायची. तो काय बोलतो ते ऐकायचं नाही. मीसुद्धा ऐकणार नाही."

पावस गावाकडची एक मुलगी उभी राहिली, दोन वेण्या, नवीन चप्पल. सगळ्यांनी पाठ फिरवली. आत्यानेही फिरवली आणि फणसाकडे बघत उभी राहिली. मुलीने प्रश्न विचारला. कुणी हललं नाही. तिने पुन्हा विचारला, पहिल्यापेक्षा हळू. फणसावर एक कावळा होता, तोही उडून गेला. तिसऱ्यांदा तिचे फक्त ओठ हलले असतील. मी पाठमोरी होते, मला नुसता चप्पल घासल्याचा आवाज आला. आणि तेवढ्यात आत्या गर्रकन वळली. "बोल गो बाय, बोल. ऐकतेय मी."

पुन्हा तालीम घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मुलीने तोंड उघडायच्या आतच आत्या वळली. मग कठड्यावर बसली आणि मला म्हणाली, "नाही ग जमत मला. हे त्यांना येतं, मला नाही येत. आणि मला न येणारं मी या पोरांना कसं शिकवू?" त्या दिवशी वर्ग झाला नाही. मुलीला तिने शेजारी बसवलं आणि गावाचं विचारलं. आधी मुलगी बिचकत होती, मग सुटली. आई, भावंडं, मुंबईला गिरणीत गेलेला आणि संपानंतर परत आलेला बाप, शाळेला जाताना ओलांडावा लागणारा वहाळ, सगळं सांगत राहिली. आत्या ऐकत होती. मी दोनदा चहा केला.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या सकाळी सगळी मुलं आमच्याकडे जमून एकत्र निघाली. मीही बारावीच्या वर्गाला निघाले होते. त्यांना सांगण्यासारखं आत्याकडे या वेळी काही नव्हतं. ती फाटकात उभी राहिली आणि एकेकाला हाक मारू लागली: ज्याचं त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, पूर्ण, त्या खणखणीत आवाजात, जशी लांबची लाइन जोडत असावी. लोक खिडक्यांत येऊन बघू लागले. मुलं लाजली आणि माना खाली घालून भराभर चालू लागली. वळणापाशी पोचल्यावर मी मागे पाहिलं. रस्ता रिकामा झाला होता. ती अजून हाका मारतच होती.