बायनाबाईची बाज

धरणी हालायच्या आधी खूण देती म्हणतात. देती की! पण ती खूण बघून भ्यायचं का निवांत व्हायचं, ते सांगा ना आधी.

माजी आज्जी बायनाबाई धारूरच्या डोंगराखालच्या वस्तीवर मेंढरं राखायची. निजामाचा अमल होता. त्या हिवाळ्यात जमीन गुरगुरायला लागली. आधी कवातरी एकदा, मंग रोज, मंग एकाच दिसात लई येळा. उतरंडीवरचं झाकण खडखडलं की सगळी वस्ती घराबाहेर. शेवटी लोक खळ्यातच निजायला लागले.

अंजना, तिची लेक, माजी माय, पहिल्या बाळंतपणाला आलती. मी जन्मले ती खळ्यातच, घोंगड्याच्या आडोशाला. आज्जीचा जीव थाऱ्यावर न्हवता. ओली बाळंतीण, अन् हे असलं झोंबरं वारं! तिनं जमिनीला निवद दाखवला. म्हणली, “माय, गप ऱ्हा. माज्या लेकीला घरात निजू दे.”

अन् जमीन गप झाली. एकदम गप. झाकण हालंना.

माजा आजा म्हाळू म्हणला, “आजून चार दिस थांबू.”

आज्जी खेकसली, “कावून? पोरीला वारं लागल्यावर थांबून काय करता?”

बाज तिनंच आत नेली. खाली शेगडी ठिवली, भिंतीच्या भेगा शेणानं लिंपल्या.

दुसऱ्या दिशी सकाळी अंगणात उन्हाला बसून ती मला पायावर घिऊन न्हाऊ घालत होती. जमिनीनं एकच हिसका दिला. मागची भिंत आत पडली, माज्या मायच्या बाजेवर.

आज्जीनं आधी मला पुसलं, कोरड्या लुगड्यात गुंडाळलं, मंग उठली. रडली न्हाई. पुढं बी मी तिला रडताना बघितलं न्हाई, हसताना बी न्हाई. मेंढरं राखली, भाकरी थापल्या, मला वाढवलं.

जमीन आधनंमधनं गुरगुरायची. लोक बाहेर पळायचे, ही चुलीपाशी बसून ऱ्हायची. म्हणायची, “बोलतीया ना? मंग काय न्हाई.” अन् जमीन गप झाली की बाज उचलून अंगणात. लोक येडी म्हणायचे. म्हणा की! तुमचं काय गेलतं?

माजं पहिलं बाळंतपण तिच्यापाशीच झालं, ते बी हिवाळ्यात. लई दिस जमीन गप होती. तिनं माजी बाज अंगणात टाकली.

शेजारची छबुबाई पळत आली. “बायनाबाई, अवं पोरीला वारं लागंल!”

आज्जीनं माज्या अंगावर घोंगडं वढलं.

“लागू दे,” म्हणली.