हाताला काय लागलं?

पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षी वर्ग सुटतो आणि दवाखाना मागे लागतो. तिच्या वाट्याला आलेल्या दवाखान्यात सकाळी रेशमी केसांची मांजरं येत आणि दुपारी डॉक्टर तिला गाडीत औषधांच्या खोक्यांशेजारी कोंबून गोठ्यांकडे निघत. सकाळची माणसं म्हणत, "बाळाला टोचू नका हं." दुपारची म्हणत, "घाला हात." दोन्हीकडे तिचं नाव एकच, शिकाऊ. घरी आई तेवढी नावाने हाक मारायची, तीही हल्ली दारातच सांगे, "आधी आंघोळ, मग बोल."

उजव्या हाताने लिहायचं असतं म्हणून गाभण तपासताना गायीच्या मागून आत डावा घालायचा, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच शिकवलं होतं. त्यामुळे डावा हात आताशा परक्यासारखा वागे आणि रात्री तिच्या आधीच झोपी जाई. 'वाटतं' हा शब्द तर डॉक्टरांनी बंदच करून टाकला होता.

"वाटायचं ते घरी. इथे हाताला काय लागलं, ते सांगायचं."

आजवर तिच्या हाताला मुख्यतः शेण लागलं होतं.

त्या दिवशी शेवटचा गोठा एका काकूंचा होता. त्यांची गाय ढवळी दोनदा उलटली होती, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती. या खेपेलाही राहिली नसेल, तर उद्या व्यापारी तिला घेऊन जाणार होता. काकू हे पाठमोऱ्या उभ्या राहून सांगत होत्या. एवढ्यात डॉक्टरांना फोन आला. कुणाच्या तरी कुत्र्याने मोजा गिळला होता.

"तू बघ तोवर," म्हणून ते बाहेर गेले.

तिने खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात घातला. ढवळीने नेहमीप्रमाणे तो आवळून धरला. बोटं बधिर व्हायला लागली, आणि तेवढ्यात खाली गोल, ताणलेली, पाण्याने भरलेली पिशवी लागली. इतके आठवडे ती हिलाच शोधत होती.

"गाभण आहे!" ती म्हणाली. 'वाटतं' म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही.

काकूंनी आधी ढवळीच्या मानेवर हात फिरवला, मग बहिणीला फोन लावला. "अगं, राहिली! हो, आत्ता बघितलं. डॉक्टरीणबाई आहे ना इथे."

डॉक्टरीणबाई! तिला कुणी पहिल्यांदाच असं म्हटलं होतं. त्याच वेळी ढवळीने शेपूट वर केली आणि निवांत मुतायला सुरुवात केली. नळ उघडा राहावा तसं ते चाललं. हाताखालचं वासरू हळूहळू ओसरलं आणि तिच्या बुटांवर उडालं.

काकू फोनवर हसत होत्या. गप्प बसणं अगदी सोपं होतं; निदान ढवळी उद्या गेली नसती. आणि खरं कळेपर्यंत ती स्वतःही दुसऱ्याच दवाखान्यात असती. तिने पुन्हा नीट चाचपलं. गर्भाशय तळव्यात मावत होतं, मऊ आणि रिकामं.

"काकू, फोन ठेवा जरा. मगाशी लागली ती लघवीची पिशवी होती. गाभण नाहीये."

काकूंनी खालच्या थारोळ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू मुताला वासरू म्हणालीस?"

"हो."

डॉक्टर आत आले, त्यांनी स्वतः हात घालून पाहिलं आणि मान हलवली. "रिकामीच आहे." तिची बाजू घ्यायला किंवा तिला झापायला त्यांच्यातही त्राण नसावं.

काकूंनी फोन बंद करून कमरेला खोचला.

"एकदा बहिणीला 'राहिली' म्हणून बसले," त्या वैतागून म्हणाल्या, "आता व्यापाऱ्याला कुठल्या तोंडाने 'ये' म्हणू? अजून एकदा भरवून बघू. आणि डॉक्टर, पुढच्या वेळी हिला पाठवलंत, तर आधी गायीला मोकळं होऊ द्या."

"ढवळी राहिली गोठ्यात, तेवढं पुरे," असं काहीसं गाडीत बसताना तिला म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं ते जांभईसाठी.