चप्पलबाबूंची लाल पेन्सिल

कोणाच्याही क्वार्टरच्या दारात उभे राहिले, की काका बेल वाजवायच्या आधी खाली बघायचे. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला मोजायचे. पुरुषांच्या किती, बायकांच्या किती, लहान मुलांच्या किती. मग खिशातली लाल पेन्सिल कानामागे खोचायची आणि बेल दाबायची. भिलाईच्या सेक्टरांमध्ये त्यांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. "चप्पलबाबू आए हैं" ही बातमी त्यांच्या सायकलच्या आधी पुढच्या ब्लॉकमध्ये पोचलेली असायची. ऑफिसात आम्ही त्यांना काका म्हणायचो.

काका पोलाद कारखान्याच्या ऑफिसात पडताळणी कारकून होते. कामगाराला दवाखान्याचं मेडिकल बुक, मुलांच्या शाळेचा भत्ता, मोठं क्वार्टर हे सगळं त्याच्या कुटुंबात किती माणसं आहेत यावर मिळायचं. त्यामुळे कुटुंबाच्या फॉर्मात कोणी भावाची मुलं आपली म्हणून लिहायचा, कोणी वारलेल्या वडिलांना चार वर्षं औषधं चालू ठेवायचा. फॉर्मातली माणसं खरोखर घरात आहेत का, हे बघणं काकांचं काम. मी बाविसाव्या वर्षी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. वडील रेल्वेत, घर दुर्गला. काकांच्या शेजारचं टेबल मला मिळालं आणि आठ वर्षं राहिलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सोबत नेलं. एका क्रेन ऑपरेटरच्या फॉर्मात चार मुलं होती. बैठकीत चारही मुलं तेल लावून, भांग पाडून ओळीने बसलेली. दाराबाहेर लहान चपलांचे जोड मात्र दोनच. काकांनी मुलांना विचारलं, "चलो, गोली खाने कौन आएगा? अपनी-अपनी चप्पल पहनो." दोघं धावत बाहेर गेली. दोघं अनवाणी उभी राहिली, कारण त्यांच्या चपला शेजारच्या दाराबाहेर होत्या आणि ती मागच्या अंगणातून आली होती. काकांनी चौघांनाही गोळ्या दिल्या. ऑपरेटर काही बोलणार होता, पण काका म्हणाले, "बच्चों के सामने नहीं." कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन त्यांनी दोन नावांवर लाल रेघ मारली. ऑपरेटर हात जोडून म्हणाला, "बाबू, एक महीना रहने दो. किसका नुकसान है?" काकांनी उरलेल्या दोन नावांसमोर बारीक टिक केली आणि सायकलला टांग मारली.

ही टिक त्यांची खूण होती. जे स्वतः डोळ्यांनी पाहिलं, पडताळलं, त्याच्यासमोरच ती व्हायची. "ऐकलेल्यावर टिक नाई करायची, पोरी," ते मला म्हणत. "लोकं खोटे नसतात. त्यायले वाटते का आपलं एक नाव राह्यलं तर काय बिघडते. अन् तसंच सगळ्यायले वाटते." आज माझ्या घरात किराण्यापासून औषधांपर्यंत प्रत्येक गोष्टीची यादी असते आणि घरचे मला हसतात. ती सवय त्या टेबलावरची आहे.

दुपारी चार वाजता ते पुडी सोडायचे. पावर हाउस भागातल्या बाजारातून आणलेले भाजलेले शेंगदाणे. अर्धे कागदावर मोजल्यासारखे वेगळे काढून माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवायचे. मी "नको" म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "मले एकट्याले संपत नाई." पुडी मुठीएवढीच असायची.

ते एकटे राहायचे हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा सही घ्यायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती, म्हणून वाटलं घरी नसतील. पण ते होते. चपला आत, पलंगाखाली ठेवल्या होत्या. मी बघतेय हे पाहून हसले. "बाहेर ठेवली तर एकच जोडी दिसते वो. मोजाले कोणी आलं तर?"

बायको मुलीला घेऊन अकोल्याला गेली होती. तिथे शाळेत शिकवायची. तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही, पण कोर्टाने मुलगी अठराची होईपर्यंत पोटगी ठरवून दिली होती. वेगळं का झालात, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. एका पावसाळी दुपारी त्यांनीच सांगितलं. "मले पडताळाची सवय. घरातबी तेच केलं. ती म्हणे मैत्रिणीकडं गेली होती, तं मी जाऊन त्या मैत्रिणीले विचारलं. गेली होती ती, खरंच. पण मी विचारलं हे तिले समजलं." मग पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला काका अर्ध्या तासाची रजा टाकून पोस्टात जायचे आणि मुलीच्या नावाने मनीऑर्डर करायचे. आठ-दहा दिवसांनी तिची पोचपावती परत यायची. त्या दिवशी ते चहा पाजायचे. पत्र लिहायचं नाही, असं बायकोने बजावलेलं. लिहिलेली दोन पत्रं न फोडता परत आली होती. त्यामुळे पावतीवरची सही हाच मुलीचा कागद. सुरुवातीची काही वर्षं आईची सही होती. मग एकदा मोठ्या, वाकड्या अक्षरात 'मंजिरी' आलं. ती पावती त्यांनी मला तीनदा दाखवली.

पावत्या त्यांच्या टेबलावरच्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारखेप्रमाणे लावलेल्या असत. त्यावरून ते मुलीची खबर सांगायचे. "हे पाय, घाईत हाय. परीक्षा असन." "यंदा शाईचा पेन भेटला तिले." एकदा म्हणाले, "सही बारीक झाली. शहाणी होऊन राहिली पोरगी." मी मान डोलवायचे. मला त्यात शाईशिवाय काही दिसत नसे.

त्याच सुमारास गेटवर एक बाई येऊ लागली. बालोदकडच्या खेड्यातली, कडेवर मूल आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोर्टाचा कागद. नवरा आमच्याकडे फिटर. कोर्टाने पोटगी ठरवून दोन वर्षं झाली होती, नवऱ्याने छदामही दिला नव्हता. काकांनी त्याचा कुटुंबाचा फॉर्म काढला. बायकोच्या रकान्यात दुसरंच नाव होतं. बाईने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "मोर नाम ला काट दे हे, बाबू. लइका के नाम घलो?" मुलाचंही नाव कापलं होतं. काका फिटरच्या क्वार्टरवर जाऊन आले, खोटी नावं काढली, खरी चढवली. पण पैसे देणं पुन्हा त्या माणसाच्याच मर्जीवर होतं. तो एक महिना द्यायचा आणि तीन महिने गायब व्हायचा.

काकांनी मग टिपण लिहिलं. कोर्टाचा हुकूम ज्याच्यावर असेल, त्याच्या पगारातूनच रक्कम कापून परस्पर कोर्टात भरावी, बाईला गेटवर यायला लागू नये. ते मीच टाइप केलं. साहेब बदलले की पुन्हा टाइप केलं. असं सहा वेळा. दर वेळी फाइल "चर्चा करा" असा शेरा घेऊन परत यायची. काका म्हणायचे, "चाल, नवीन कार्बन लाव." सातव्या खेपेला मंजुरी आली. ती बाई गेटवर आली तेव्हा काका स्वतः बाहेर गेले आणि म्हणाले, "अब मत आना बाई. सबका कटेगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाइप करायला यादी दिली. हुकूम असलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

"काका, हे चुकून आलं का?"

"चुकून कावून येईन?"

"तुम्ही तर एकही महिना चुकला नाहीत. तुमच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही."

"तक्रार नाई म्हणून सोडलं, तं पडताळणी कायची?"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "पगारातून गेलं तर मनीऑर्डर बंद होईल. पावती येणार नाही."

काकांनी डब्याकडे पाहिलं नाही. "मी त्या बाईले गेटवर सबका म्हटलं, पोरी. सबमंदी मी येत नाई का?"

मी टाइप केलं. त्या दिवशी माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि दोन्ही त्यांनी शोधल्या.

पुढच्या महिन्यापासून एक तारखेची रजा बंद झाली. दिवाळीला त्यांनी वेगळी, छोटी मनीऑर्डर पाठवून पाहिली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. अक्षर पोस्टमनचं होतं. काकांनी तो फॉर्मही डब्यात तारखेप्रमाणे लावला. "दारापोतर तं गेला होता," म्हणाले.

आता त्यांच्याकडे पगाराची स्लिप उरली. कपातींच्या रकान्यात पीएफच्या खाली एक ओळ असायची, पोटगीची. सगळे लोक स्लिप उघडून खालचा आकडा बघतात. काका ती ओळ वर येईल अशी घडी घालून खिशात ठेवायचे.

वर्षातून एकदा पोटगीच्या यादीची वयं तपासली जायची. ज्यांची मुलं अठराची झाली, त्यांची कपात थांबवून यादी हिशेब शाखेत पाठवायची. ते काम तोपर्यंत माझ्याकडे आलं होतं. मंजिरीचा शाळेचा दाखला फाइलला होता. तारीख मला पाठ होती. मी त्या नावावर लाल रेघ मारली, यादी टाइप केली आणि साहेबांची सही घेतली.

दुपारी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काम असलं की ते जागेवरून हाक मारत. माझ्या टेबलापाशी आलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पेन्सिल कानामागे नव्हती.

"यादी झाली?"

"झाली."

"एक महिना राहू दे." मग म्हणाले, "पैसे माह्येच जातीन. कोणाचं नुकसान नाई."

कडुनिंबाखालचा तो ऑपरेटर मला आठवला. काकांनाही आठवला असावा, कारण ते माझ्याकडे न बघता टाइपरायटरकडे बघत होते. मी तीस वर्षांची होते, कामात पक्की होते आणि पक्की त्यांनीच केली होती. मी म्हणाले, "यादी गेली, काका."

ते "बरं झालं," म्हणाले आणि जागेवर गेले.

यादी गेली नव्हती. माझ्या ड्रॉवरमध्ये होती. रात्रभर मी ती मनातल्या मनात दहा वेळा फाडली आणि सकाळी पहिलं काम म्हणून जावक रजिस्टरमध्ये चढवून चपराशाच्या हाती दिली. चार वाजता काकांनी पुडी सोडली. अर्धे शेंगदाणे माझ्या टाइपरायटरशेजारी आले, नेहमीसारखेच. मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही.

सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले. डबा काखेत घेऊन वर्ध्याकडच्या बहिणीच्या गावी गेले. पत्ता मी लिहून घेतला होता. दोन दिवाळ्यांना कार्डं आली, तिसऱ्या दिवाळीला बहिणीचं आलं. त्यात ते गेल्याची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, मुलीला कळवलं, उत्तर नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जुनी रजिस्टरं निकालात काढायची वेळ आली. काय ठेवायचं, काय जाळायचं याची यादी मीच करत होते. त्या वर्षाचं जावक रजिस्टर हाती आलं, तेव्हा मी ते पान काढलं. माझ्या अक्षरात नोंद होती, पोटगीची यादी, हिशेब शाखा. तारीख दुसऱ्या दिवसाची, वेळ सकाळी सव्वानऊ.

नोंदीसमोर समासात लाल पेन्सिलीची एक बारीक टिक होती.