घोडीच्या शेजारची खोली

कॉलेजात माझं नाव लागलं त्या दिवशी वडील ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. फार आनंद झाला की ते असंच करायचे. वालूरच्या शाळेत ते मास्तर होते. आमच्या गावातून शेतकी शिकायला परभणीला गेलेली पोरं होती, पोरगी मात्र एकही नव्हती. दुष्काळ सरून दोनेक पावसाळे झाले होते. विद्यापीठ नवंच होतं आणि मुलींचं वसतिगृह अजून कागदावरच होतं.

"मग पोरीनं राहायचं कुठं?" वडिलांनी ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं.

"गावात बघा की कुठं ओळखीपाळखीचं," तो म्हणाला.

ओळखीचं घर होतं ते पिंगळीला, वडिलांच्या मावसभावाचं. तिथं राहून रोज पॅसेंजरनं परभणीला यायचं असं ठरलं आणि काही दिवस मी तसं केलंही. पण प्रॅक्टिकल उजाडताच शेतावर सुरू व्हायचं आणि गाडीचा काही भरवसा नसायचा. मी धापा टाकत पोचेपर्यंत बाकीच्यांचे वाफे पाडून झालेले असत. एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही शिकायला येता की पाहुण्या म्हणून येता?" पोरं हसली. मी खाली मान घालून खुरपं हातात घेतलं. वडिलांच्या कानावर हे गेलं तसं त्यांनी ठरवलं, आता परभणीतच खोली बघायची.

एका रविवारी ते वालूरहून आले आणि एसटी स्टँडवर आम्ही दिवसभरासाठी टांगा ठरवला. टांगेवाले चाचा साठीकडे झुकलेले, किरकोळ अंगाचे, दाढीला मेंदी लावलेले. ते आमच्याशी कमी आणि घोडीशी जास्त बोलत होते.

पहिलं घर एका पेन्शनरांचं. बाईंनी हौसेनं खोली दाखवली. मागच्या अंगणात आड होता, पारिजातक होता. "स्वयंपाक येतो का गं तुला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्या सुनेला सोबत होईल," म्हणत त्यांनी चहाही टाकला. चहा उकळत असताना त्यांनी आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. बाई आत गेल्या. बराच वेळ आतच राहिल्या. मग पेन्शनर बाहेर आले आणि म्हणाले, "खोली आमच्या भाच्यासाठी ठेवलेली आहे, हिच्या लक्षात नव्हतं." चहा काही बाहेर आला नाही.

पुढच्या घरात पोरांनाच खोल्या देत होते. "एकट्या पोरीची जबाबदारी कोण घेणार?" असं म्हणाले. त्याच्या पुढच्या घरात वडिलांनी दारातच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तरच खोली बघतो." मला वाटलं, हे असं का सांगायचं? पण त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सरळ होता. तिथंही नाहीच म्हणाले. एका नव्या इमारतीच्या मालकानं जात, गाव काहीच विचारलं नाही, मात्र भाडं असं सांगितलं की वडिलांच्या पगारात आमच्या घराची चूल पेटली नसती.

टांग्यात येऊन बसलो तशी मी रडायला लागले. वडील म्हणाले, "रडायचं न्हाई. अजून लय गाव पडलंय."

चाचांनी मागं न बघता विचारलं, "मास्तर, घोडीला पाणी दाखवायचंय. घर जवळ हाय माझं. दोन मिनिटं थांबलं तर चालेल का?"

त्यांचं घर दर्ग्याच्या अलीकडच्या वस्तीत होतं. पुढं अंगण, एका बाजूला घोडीचा तबेला आणि त्याला लागून कडबा ठेवायची खोली. चाचा घोडी सोडत असताना त्यांची बायको बाहेर आली. उंच, धिप्पाड बाई, नाकात चमकी. तिनं घोडीच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"ये बच्ची कायकू रोती?"

चाचांनी सगळं सांगितलं. कुठल्या घरात काय झालं, चहा कसा आलाच नाही, सगळं. मी थक्क झाले, कारण दिवसभर त्यांचं आमच्याकडं लक्षच नाही असं मला वाटत होतं. चाची आत गेल्या आणि दोन पेले पाणी घेऊन आल्या. वडिलांनी पेला तोंडाला लावला, मीही प्याले.

"कडब्याची खोली देते मी हिला," चाची म्हणाल्या.

चाचा दचकले. "अगं, लोक क्या बोलेंगे? उद्या काही कमीजास्त झालं तर? मास्तर इज्जतदार माणूस हाय."

"तो मैं बेइज्जत हूँ क्या?" चाचींनी कमरेवर हात ठेवले.

चाचा घोडीकडं वळले. वडीलही गोंधळले होते. त्यांना दिवसभर ज्या घरांनी नाही म्हटलं होतं, तिथं काय बोलायचं ते ठाऊक होतं. इथं हो म्हणणारी बाई समोर उभी होती आणि ते हातातला रिकामा पेला नुसता फिरवत होते. वालूरला काय सांगायचं, भाऊबंद काय म्हणतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

मी उठून खोलीत डोकावले. कडब्याचा वास नाकात भरला. भिंती मातीच्या, वर पत्रे, उजेडाला एक झरोका. दाराला आतून भक्कम कडी होती. मी ती लावून बघितली, काढून बघितली. "बाबा, मी इथं राहते," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा मी वडिलांशी आधी कधी बोलले नव्हते.

पुढच्या रविवारपर्यंत कडबा निघाला होता, भिंतींना चुना लागला होता आणि जमीन सारवलेली होती. भाडं चाचींनी वडिलांना झेपेल असंच सांगितलं. वडिलांनी वालूरहून माझी ट्रंक, वातीचा स्टोव्ह आणि बुद्धाची तसबीर आणली. तसबिरीला खिळा ठोकायला त्यांना दगड सापडेना, तेव्हा चाचींनी आतून बत्ता आणून स्वतःच खिळा ठोकला आणि लांब जाऊन तसबीर वाकडी तर नाही ना ते बघितलं.

घोडी माझ्या भिंतीपलीकडं. ती अंग खाजवायची तेव्हा माझ्या फळीवरची भांडी वाजायची. पहिले काही दिवस मी घाबरून उठायची. पुढं पुढं ती गावाबाहेर भाड्यानं गेली की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. कॉलेजात आम्हाला जनावरांच्या चाऱ्यावर शिकवायला लागले तेव्हा मी चाचांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घोडीला नुसता कडबा पुरत नाही, हिरवं पाहिजे. चाचा म्हणाले, "घोडीला बी हेच वाटतं. तुझ्या कॉलेजात लय हिरवं हाय म्हणं?" मग सरांना विचारून मी प्लॉटवरचं निंदलेलं गवत भारा बांधून आणायला लागले. ते नेण्यासाठी चाचा टांगा घेऊन येत आणि मलाही बसवून घरी आणत. टांग्यातून, गवताच्या भाऱ्यावर बसून जाणारी मी एकटीच विद्यार्थिनी. जी पोरं मला हसली होती, ती आता टांग्याला हात करत.

स्वयंपाक मी वेगळा करायची, पण तो नावालाच. माझी भाकरी तव्यावर असताना चाची ताटली घेऊन यायच्या. "ये चखके देख." मी चाखायची आणि माझं वांग्याचं भरीत त्यांना द्यायची. त्यांना मूल नव्हतं. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

थंडीच्या दिवसांत माझे थोरले काका मला परत न्यायला आले. गावात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मास्तरानं पोरगी टांगेवाल्याच्या घरात ठेवलीय. काका शेतावर राबणारे, तापट, पण माझ्यावर जीव असलेले. ते वडिलांना न सांगता एसटीत बसले आणि परभणीला उतरून त्यांनी टांगा केला. टांगा नेमका चाचांचा. पुढचं सगळं चाचांनी मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी काकांचा आवाज थोडा चढवून.

"कुठं जायचं?" चाचांनी विचारलं.

"दर्ग्याकडं. तिथं कुणी टांगेवाला हाय, त्याच्याकडं आमची पोरगी ठेवलीय. आमच्या भावाला अक्कल न्हाई. शिकला पण अक्कल आली न्हाई. तुमीच सांगा, तरणीताठी पोर अशी कुणाच्या बी घरात ठेवतेत का?"

"नहीं रखते," चाचा म्हणाले.

"तो टांगेवाला कसा हाय, काय हाय, कुणाला ठावं? दारूबिरू पीत असंल."

"टांगेवाल्यांचा भरोसा नाही साहेब."

"आज पोरीला घेऊनच जायलोय मी. कोण आडवतंय बघतो."

"हौ. बराबर है तुमचं."

असं रस्ताभर चाललं. चाचांनी टांगा अंगणात आणून उभा केला तेव्हा मी तबेल्यापुढं बसून कपडे धूत होते. काकांनी मला बघितलं, अंगण बघितलं, मग हळूहळू मान वळवून चाचांकडं बघितलं. चाचा खाली उतरून घोडीचं सामान सोडत होते.

"हेच का ते?" काकांनी मला विचारलं.

"हेच," मी म्हणाले. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून काका टांग्यातून उतरायला का तयार नाहीत ते कळेना.

चाची बाहेर आल्या. पाहुणा कोण हे कळल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाट टाकली. काका खाटेच्या कडेला बसले. चहा झाला. त्यांनी माझी खोली बघितली, कडी हलवून बघितली, तसबिरीपुढं हात जोडले. बाहेर येऊन ते बराच वेळ पटक्याचं टोक चाळवत राहिले.

"चाचा, मी रस्त्यानं जे बोललो..."

"मेरी घोडीने सुना," चाचा म्हणाले, "मैंने कुछ नहीं सुना."

काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. न्यायला आलेले काका जेवूनच गेले, आणि हुरड्याच्या दिवसांत पिशवीभर कोवळा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन पुन्हा आले. या खेपेला टांगा स्टँडवर त्यांचीच वाट बघत होता.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं काही क्वार्टर मुलींसाठी मोकळी केली. माझं तिथं नाव लागलं. लायब्ररी जवळ होती, प्लॉट जवळ होते, वडील जा म्हणाले. चाचींना सांगायला मी दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "अच्छा हुआ," त्या म्हणाल्या आणि निवडलेल्या तांदळातच न निवडलेले ओतले.

सामान पोचवायला त्या स्वतः टांग्यात बसल्या. चाचा त्यांना कधी कॉलेजकडं घेऊन आले नव्हते. माझ्या नव्या खोलीत जाऊन त्यांनी खिडकी उघडली, झाकली, कॉटवर बसून ती करकरते का बघितलं. दारात रेक्टरबाई आल्या. त्यांनी अदबीनं विचारलं, "आपण मुलीच्या कोण?"

चाचींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मावशी."

रेक्टरबाईंनी एकदा आम्हा दोघींकडं बघितलं आणि "बसा ना" म्हणाल्या. नंतर मेसचं जेवणही दाखवलं. चाचींनी वरणात पळी फिरवली, एक थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि माझ्या कानात विचारलं, "इसमें दाल किदर है?"

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी टांगा वसतिगृहाच्या फाटकाशी यायचा. चाचा डबा माझ्या हातात द्यायचे आणि आतून रेक्टरबाई बघत नाहीत ना याची खात्री करून, मी प्लॉटवरून आणून ठेवलेला घोडीचा गवताचा भारा उचलायचे. खोलीतल्या पोरी माझ्या आधी फाटकाकडं धावायच्या. डबा माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातला खिमा बहुतेक वेळा संपलेला असायचा. चाचींना हे कळल्यावर त्यांनी डबा मोठा केला.